जेट स्कीची शक्ती का घटते? निदान आणि दुरुस्ती

(किनारपट्टीवरील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली अस्तित्वात आला आणि १९९७ साली तो पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. त्यानंतरच्या काळात मालवण, तारकर्ली, देवबाग या गावांचे रूप बरेच पालटले. ज्या पुळणीवर एके काळी केवळ रापण ओढली जाई, तेथे आज हंगामात जलक्रीडेची साधने रांगेने उभी असतात. रत्नागिरी जिल्ह्यातील गणपतीपुळे व गुहागर, रायगड जिल्ह्यातील काशीद व नागाव आणि गोव्यातील कळंगुट व बागा येथेही हेच चित्र दिसते. या साधनांपैकी सर्वांत वेगवान, सर्वांत लोकप्रिय आणि यंत्रदृष्ट्या सर्वांत नाजूक साधन म्हणजे जेट स्की होय. काही जण तिला वॉटर स्कूटर असेही म्हणतात. 'जेट स्की' हे वास्तविक कावासाकी या जपानी कंपनीचे व्यापारी नाव. १९७० नंतरच्या दशकात ते इतके रूढ झाले, की पुढे अन्य कंपन्यांच्या वाहनांनाही तेच नाव पडले.

या वाहनाविषयी एक तक्रार किनाऱ्यावर वारंवार ऐकू येते. इंजिन चालू होते, आवाजही करते, परंतु पूर्वीसारखे पळत नाही. चालक थोडे दिवस तसेच रेटतो, मग कारागिराला बोलावतो. कारागीर इंजिन खोलतो, सुटे भाग मुंबईहून किंवा परदेशातून मागवले जातात, आणि हंगामातील मोलाचे आठवडे निघून जातात. पुष्कळदा अखेरीस असे आढळते, की दोष इंजिनात नव्हताच. आधी निदान आणि मग दुरुस्ती, हा वैद्यकातील साधा नियम यंत्रालाही लागू आहे. तो पाळला, तर पैसा वाचतो. परंतु येथे प्रश्न केवळ पैशाचा नाही.

शक्ती आणि सुरक्षितता

होडीला सुकाणू असते. इंजिन बंद पडले, तरी होडी पुढे सरकत असेपर्यंत सुकाणूने तिला थोडेफार वळवता येते. जेट स्कीची गोष्ट निराळी आहे. तिच्या मागील नळीतून पाण्याचा जो झोत जोराने बाहेर पडतो, त्याची दिशा बदलूनच ती वळते. झोत मंदावला, की वळण्याची क्षमताही मंदावते. झोत थांबला, की हँडल फिरवूनही वाहन जवळजवळ सरळच जात राहते. म्हणून शक्ती घटलेली जेट स्की ही नुसती संथ जेट स्की नव्हे. ती चालकाच्या ताब्यातून निसटू लागलेली जेट स्की असते. ओहोटीच्या वेळी खाडीच्या मुखाशी पाण्याची ओढ वाढलेली असताना, मागे एखादे लहान मूल घेऊन पर्यटक बसलेला असताना, हा फरक जीवनमरणाचा ठरू शकतो.

दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. १९९० च्या सुमारास हवाई बेटांवर ब्रायन केआउलाना आणि त्यांचे सहकारी जीवरक्षक यांनी जेट स्कीच्या मागे तरंगता पाट बांधून बुडणाऱ्यांना वाचवण्याची पद्धत रूढ केली. आता अनेक देशांतील जीवरक्षक हे वाहन वापरतात. गोव्याच्या किनाऱ्यांवरही बचावकार्यासाठी त्याचा उपयोग होतो. गावाच्या पुळणीवर उभी असलेली जेट स्की आणीबाणीच्या प्रसंगी सर्वांच्या आधी धावून जाऊ शकते. मात्र त्यासाठी तिच्यात पूर्ण शक्ती असली पाहिजे.

यंत्राची घडण

जेट स्कीच्या तळाशी एक जाळी असते. तिच्यातून पाणी आत येते. आत इंजिनाच्या दांड्यावर पोलादी पात्यांचा एक पंखा बसवलेला असतो. त्याला इंपेलर म्हणतात. हा पंखा पाणी मागे ढकलतो. त्यामागील स्थिर पाती पाण्याची भोवऱ्यासारखी फिरत सरळ करतात, आणि निमुळत्या तोंडातून झोत वेगाने बाहेर पडतो. पाणी मागे फेकले जाते म्हणून वाहन पुढे जाते. न्यूटनचा गतीविषयक तिसरा नियम विद्यार्थ्यांना याहून चांगल्या उदाहरणाने क्वचितच समजावता येईल.

म्हणजे या वाहनाचे दोन अर्धे भाग झाले. एक इंजिन, जे शक्ती निर्माण करते. दुसरा पंप, जो त्या शक्तीचे ढकलीत रूपांतर करतो. शक्ती कमी वाटते तेव्हा दोष या दोहोंपैकी कोणत्या भागात आहे, हा पहिला प्रश्न होय. त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय हातात पाना घेऊ नये.

पहिला प्रश्न : फेऱ्या किती?

हे उत्तर देणारे उपकरण बहुतेक नव्या जेट स्कींवर असते. इंजिन मिनिटाला किती फेऱ्या घेते, हे ते दाखवते. आजच्या बहुतेक मोठ्या चार-स्ट्रोक यंत्रांत पूर्ण वेगाला ७००० ते ८००० च्या दरम्यान फेऱ्या होतात. नेमका आकडा त्या त्या यंत्राच्या पुस्तिकेत दिलेला असतो. शांत पाण्यात, एकट्या चालकाने, मोकळ्या जागी काही क्षण पूर्ण वेग द्यावा आणि दोन आकडे टिपावेत : फेऱ्या आणि वेग.

फेऱ्या पुस्तिकेप्रमाणे किंवा त्याहून अधिक, परंतु वेग कमी, असे आढळले तर इंजिन आपले काम करीत आहे. दोष पंपात किंवा वाहनाच्या तळात आहे. फेऱ्याच कमी असतील, तर दोष बहुधा इंजिनाच्या बाजूला आहे. या एका नोंदीने शोधाचे क्षेत्र निम्मे होते. मालकाला हे ठाऊक असले, तर अनावश्यक खोलाखोल थांबवता येते.

फेऱ्या भरपूर, वेग कमी

या प्रकारात सर्वप्रथम तळाची जाळी व पंखा पाहावा. आपल्या किनाऱ्यावर जाळ्याचे तुटके धागे, नायलॉनची दोरी, प्लास्टिकच्या पिशव्या आणि शेवाळ यांची वाण नाही. यांपैकी काहीही जाळीत अडकले, की पंख्याला पुरेसे पाणी मिळत नाही. दोरी दांड्यावर गुंडाळली गेली असेल, तर यंत्र थरथरते आणि फेऱ्याही उतरतात. जाळीत हात घालण्यापूर्वी इंजिन बंद करून चालकाच्या मनगटाची सुरक्षादोरी काढून घ्यावी आणि बॅटरीची तारही सोडवावी. या नियमाला अपवाद नाही.

त्यानंतर पंख्याची पाती पाहावीत. उथळ पाण्यात यंत्र चालू केले, की पंप वाळू, शिंपले व गारगोट्या ओढून घेतो; पात्यांच्या कडा बोथट होतात किंवा वाकतात. पंख्याभोवती एक बदलता येणारे कडे असते. पाती आणि हे कडे यांच्यातील फट मिलिमीटरच्या काही दशांशांइतकीच असावी लागते. वाळूने कडे झिजले, की फट वाढते आणि ढकललेले पाणी त्या फटीतून मागे निसटते. शिवाय पात्यांजवळ दाब इतका घटतो, की पाणी थंड असतानाच त्याच्या वाफेचे बुडबुडे तयार होतात. मग पंखा पाण्याऐवजी बुडबुड्यांत फिरतो. थांब्यावरून निघताना इंजिन एकदम ओरडते, पण वाहन मागेच राहते, हे या दोषाचे ठळक लक्षण होय. पंप जिथे तळाशी जोडलेला असतो तेथील चिकटपट्टी सुटली आणि हवा आत शिरू लागली, तरी लक्षण असेच दिसते.

फट जाडी मोजण्याच्या पातळ पत्त्यांनी मोजता येते. कडे बदलणे हे इंजिन खोलण्याच्या तुलनेत अगदी किरकोळ काम आहे. पुळणीलगत दोन ते तीन फूट पाणी होईपर्यंत यंत्र हाताने ढकलत न्यावे आणि मगच सुरू करावे. एवढ्या शिस्तीने या कड्याचे आयुष्य पुष्कळ वाढते. देवबागच्या संगमासारख्या ठिकाणी, जेथे वाळूचे दांडे जागा बदलत असतात, ही शिस्त अधिकच आवश्यक ठरते.

पंप निर्दोष आढळला, तर वाहनाचे वजन पाहावे. तळाची बुचे नीट न बसल्याने आत पाणी साचते. जुन्या वाहनाच्या पोकळीतील फेसासारखा हलका पदार्थ वर्षानुवर्षे पाणी शोषून जड होतो. पाण्यातच नांगरून ठेवलेल्या वाहनाच्या तळाला कवचधारी जीव चिकटतात आणि घर्षण वाढते. यांवर उपाय पान्याचा नसून बादली, घासणी आणि वेळीच वाहन काठावर ओढण्याच्या सवयीचा आहे.

फेऱ्याच कमी

येथेही साध्या गोष्टींपासूनच सुरुवात करावी. काही यंत्रांना नवशिक्यांसाठी वेगळी किल्ली असते. ती लावली, की यंत्र मुद्दामच कमी वेगाने चालते. काहींत हाच बंदोबस्त एका बटणाने होतो. किल्ली बदलल्याचे कोणाच्या ध्यानात न येता कारागिराला निरोप जातो, असेही घडते. त्याचप्रमाणे, इंजिन तापले, तेलाचा दाब उतरला किंवा एखाद्या संवेदकाने चूक दाखवली, तर आधुनिक यंत्र स्वतःच्या रक्षणासाठी शक्ती आवरते. अशा वेळी फलकावर इशारा उमटतो. तो इशारा हेच निदानाचे पहिले पान होय; तो पुसून टाकणे म्हणजे तापमापक फोडून ताप बरा करण्यासारखे आहे.

यानंतर इंधनाकडे वळावे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण देशात २०२२ मध्ये १० टक्क्यांपर्यंत आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. रस्त्यावरील वाहनांची टाकी काही दिवसांत रिकामी होते. जेट स्कीची टाकी मात्र पावसाळ्यात कित्येक आठवडे भरलेली राहू शकते. इथेनॉल पाणी शोषून घेते. पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले, की इथेनॉल व पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतात आणि इंजिनाला पेट्रोलऐवजी तेच मिळू लागते. याची परीक्षा कोणालाही करता येईल. टाकीच्या तळातून थोडे इंधन काचेच्या स्वच्छ बाटलीत काढावे, विस्तवापासून दूर, उघड्या हवेत, आणि काही वेळ स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसला, तर ते इंधन बाद समजावे. जुन्या यंत्रांच्या रबरी नळ्याही अशा इंधनाने मऊ पडून आतून सुटतात व त्यांचे कण गाळणीत अडकतात. इंधनाची गाळणी, कार्बोरेटरमधील बारीक जाळी आणि टाकीचा हवेचा झडपमार्ग तपासावा. टाकीचे झाकण किंचित सैल केल्यावर शक्ती परत येत असेल, तर हवेचा मार्गच बंद आहे असे समजावे.

दोन-स्ट्रोक इंजिनाच्या बाबतीत एक धोका विशेष आहे. इंधनाबरोबरच त्याला वंगणाचे तेल मिळत असते. इंधन अपुरे पडले, की पिस्टन प्रमाणाबाहेर तापतो आणि वितळू किंवा चिकटू शकतो. 'चालते आहे तोवर चालवू' या वृत्तीने काही रुपयांच्या गाळणीपायी सबंध इंजिन गमावावे लागते.

इंधन ठीक असेल, तर हवा व धूर यांचे मार्ग पाहावेत. हवेची गाळणी तेलाने किंवा मिठाने चोंदलेली नसावी. चार-स्ट्रोक यंत्रात तेल खुणेपेक्षा जास्त भरले, तर ते हवेच्या मार्गात ओढले जाते आणि इंजिन गुदमरते. धुराची नळी आतल्या बाजूस फुटली असेल, तर जळालेला वायू आसनाखालील पोकळीत साचतो व इंजिन तोच पुन्हा आत घेते. प्राणवायू कमी पडल्याने शक्ती घटते. काजळीचे डाग आणि धुराचा वास या खुणा तेथे दिसतात. या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग वा वास नसतो आणि तो प्राणघातक आहे, हे विसरून चालणार नाही.

यानंतर ठिणगी. स्पार्क प्लगचा रंग पुष्कळ सांगतो. फिकट तपकिरी रंग म्हणजे ठीक. काळा व ओला म्हणजे इंधन जळत नाही. पांढुरका म्हणजे इंधन अपुरे किंवा उष्णता अधिक. सगळे प्लग सारखे दिसले पाहिजेत. एकच वेगळा असेल, तर त्या सिलिंडरमध्ये शोध घ्यावा.

सर्वांत शेवटी सिलिंडरमधील दाब मोजावा. सगळे प्लग काढून, ठिणगी व इंधन बंद करून, वेगाची मूठ पूर्ण उघडी ठेवून, प्रत्येक सिलिंडरवर दाबमापक लावावा. जुन्या दोन-स्ट्रोक यंत्रांत सामान्यतः दर चौरस इंचाला १२० ते १५० पौंड दाब मिळतो. पण एकूण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधील तफावत अधिक बोलकी असते. ती सुमारे १० टक्क्यांहून जास्त असेल, तर पिस्टनच्या कड्या, झडपा किंवा गॅस्केट यांत दोष आहे. चार-स्ट्रोक यंत्रात कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घालून पुन्हा मोजावे. दाब वाढला, तर कड्या झिजल्या आहेत. न वाढला, तर झडपांकडे किंवा गॅस्केटकडे पाहावे. तेल दुधाळ दिसत असेल, तर त्यात पाणी शिरले आहे आणि यंत्र क्षणभरही चालवू नये. इंजिन खोलण्याची पाळी येथे, आणि येथेच, येते.

खारे पाणी व गोडे पाणी

पुष्कळ यंत्रांत पंपाने ओढलेलेच समुद्राचे पाणी इंजिन थंड करते. त्याबरोबर वाळू व मीठ आत जाते, अरुंद मार्ग चोंदतात आणि इंजिन तापू लागते. म्हणून दिवसाचे काम संपल्यावर गोड्या पाण्याने ते मार्ग धुणे हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक जतन होय. त्याचा क्रम मात्र उलटा होता कामा नये. आधी इंजिन सुरू करावे, मग पाण्याची नळी सोडावी. संपवताना आधी पाणी बंद करावे, मग इंजिन. इंजिन बंद असताना पाणी सोडत राहिले, तर ते धुराच्या मार्गातून सिलिंडरमध्ये शिरू शकते, आणि जतनासाठी केलेले कामच नाशाला कारण होते. काठावर इंजिन पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेपेक्षा अधिक वेळ चालवू नये. प्रत्येक वेळी इंजिन सुरू करण्यापूर्वी आसन उघडून साचलेली पेट्रोलची वाफ निघून जाऊ द्यावी.

ग्रामपंचायत, शाळा आणि प्रशिक्षण

महाराष्ट्र सागरी मंडळ १९९६ साली स्थापन झाले. जलक्रीडेच्या परवान्यांचा विषय त्याच्याकडे येतो. ग्रामपंचायतीने यंत्रे तपासावीत, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. परंतु पुळण गावाची आहे, चालक मुले गावची आहेत, आणि दुर्घटना घडली तर प्रथम धावणारेही गावकरीच असतात. तेव्हा व्यावसायिकांच्या संमतीने प्रत्येक यंत्रामागे एक वही ठेवण्याचा आग्रह ग्रामपंचायतीने धरावा. वहीत पाच रकाने पुरेत : तारीख, इंजिनाचे चाललेले तास, पूर्ण वेगाच्या फेऱ्या, दोन ठरावीक खुणांमधील अंतर कापण्यास लागलेला वेळ, आणि जाळी-पंखा तपासून गोड्या पाण्याने धुतल्याची नोंद. आठवड्यातून एकदा एवढे लिहिले, की शक्तीतील घट पर्यटकाला जाणवण्यापूर्वी आकड्यांत दिसू लागते. ठरलेल्या मर्यादेपेक्षा वेळ वाढला, तर ते यंत्र त्या दिवशी पर्यटकांसाठी पाण्यात उतरू नये, एवढा एकच संकेत सर्वांनी पाळावा.

शिक्षकांसाठी येथे विज्ञानाचा एक जिवंत पाठ आहे. क्रिया-प्रतिक्रिया, दाब आणि उत्कलन, पाण्यात विरघळणारे व न विरघळणारे द्रव, धातूंचे गंजणे हे सारे प्रकरणवार पुस्तकात असते. किनाऱ्यावरील मुलाला ते एका यंत्रात एकत्र दिसते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून मोटार दुरुस्ती शिकून बाहेर पडलेल्या तरुणाला प्लग, कार्बोरेटर व दाबमापक परिचित असतात. त्याने नव्याने शिकायचे ते दोनच विषय : पंप आणि खारे पाणी. चालक व जीवरक्षक यांच्यासाठी गोव्यात केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या कक्षेतील राष्ट्रीय जलक्रीडा संस्था प्रशिक्षण देते. दुरुस्तीचे ज्ञानही गावातच रुजले, तर सुट्या भागाची वाट पाहण्यात जाणारा हंगाम वाचेल आणि एक कायमचा व्यवसाय उभा राहील.

पावसाळ्यात जलक्रीडा बंद असते. तो काळ म्हणजे सक्तीची विश्रांती न मानता जतनाचा हंगाम मानावा. टाकी रिकामी करून कोरडी ठेवावी, पंप उतरवून कडे मोजावे, नळ्या व गाळण्या बदलाव्यात, बॅटरी काढून अधूनमधून भारित करावी. दर्यावर जाणारा कोळी नारळी पौर्णिमेपूर्वी होडी डागडुजी करून, तेलपाणी देऊन सज्ज ठेवतो, ती काही हौस म्हणून नव्हे. समुद्र आळसाला क्षमा करीत नाही, हे तो पिढ्यान्‌पिढ्या ओळखून आहे. त्याच पुळणीवर नवे वाहन आले आहे. त्याच्या बाबतीतही तीच जुनी शिस्त गावाने पाळावी, एवढीच अपेक्षा आहे.